खान्देशासाठी गव्हाचा नवा वाण: संकरापासून नोंदणीच्या अर्जापर्यंत

कपाशीची शेवटची वेचणी डिसेंबर उजाडल्यावर होते. पऱ्हाट्या उपटून रान मोकळं व्हायला आणखी आठ दिवस लागतात आणि मग गहू पेरला जातो. फेब्रुवारी सरता सरता जळगाव-धुळ्याचा पारा पस्तिशीकडे निघतो, तेव्हा या गव्हाचा दाणा अजून चिकातच असतो. ऊन दाण्यातला चीक आटवून टाकतं आणि मळणीला हाती येतो तो सुरकुतलेला, हलका दाणा. १५ नोव्हेंबरनंतर पेरणी जसजशी लांबते तसतसं उत्पादन घटतं, असं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सांगतात. आपल्याकडे हा उशीर तीन-चार आठवड्यांचा असतो.

मी अमळनेर तालुक्यात, बोरीच्या खोऱ्यात शेती करतो. आपल्या पीकफेरीत बसणारा गहू आपल्याच वावरात तयार करावा, या ओढीनं संकर आणि निवड शिकलो. शिकताना काय काय वाया गेलं ते आठवून हा लेख लिहितो आहे. ज्याच्याकडे दोन-तीन गुंठे जागा, पाणी आणि आठ-दहा वर्षांची चिकाटी आहे, त्याला हे काम जमतं. मात्र बहुतेकांची समजूत असते की वाण संकराच्या दिवशी तयार होतो. तसं नसतं. संकर दहा दिवसांत उरकतो. पुढची सगळी वर्षं टाकून देण्यात आणि लिहून ठेवण्यात जातात, आणि वाण घडतो तो तिथे.

आपला गहू ‘वसंती’ कसा

गव्हाचे स्वभावानं दोन प्रकार पडतात. युरोप, रशियासारख्या थंड मुलखातला हिवाळी गहू शरद ऋतूत पेरतात. त्याला काही आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय तो ओंबीच धरत नाही. वसंती गव्हाला अशा थंडीची गरज नसते. तिकडे तो बर्फ वितळल्यावर पेरतात. आपण कार्तिकात पेरतो तो सगळा गहू, मग लोकवन असो, त्र्यंबक असो की बन्सी, जातीनं वसंतीच आहे. हे आधी सांगायचं कारण असं की परदेशी बियाण्याच्या मोहात कुणी हिवाळी गव्हाचे दाणे आणून जनक, म्हणजे संकरातले आई-बाप, म्हणून लावले, तर ते गवतासारखे पसरून राहतील आणि मार्चच्या उन्हात तसेच वाळतील.

दुसरी गोष्ट गुणसूत्रांची. पोळीच्या सरबती गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, बन्सी आणि खपली गव्हात २८. या दोन गटांचा संकर होतो, पण संततीत वांझपणा येतो आणि निवडीचं काम फार अवघड होतं. पहिल्यांदा करणाऱ्यानं सरबतीचा संकर सरबतीशी किंवा बन्सीचा बन्सीशी करावा.

आधी हवं ते लिहून काढा

वहीचं पहिलं पान संकराच्या आधी भरायचं. माझ्या वहीत पाच ओळी आहेत: ५ ते १५ डिसेंबरला पेरून शंभर दिवसांच्या आत तयार, उंची ८० ते ९० सेंटिमीटर आणि वाऱ्यात न लोळणारा, काळ्या आणि तपकिरी तांबेरा रोगाला न बळी पडणारा, उशिराच्या पेरणीतही हजार दाण्यांचं वजन ३८ ग्रॅमच्या वर, आणि मांडे होतील अशी कणीक. सहावी ओळ लिहू नका. मागण्या वाढल्या की सगळ्या पुऱ्या करणारं झाड सापडण्याची शक्यता किती झपाट्यानं घटते, ते दुसऱ्या पिढीच्या वेळी सांगतो.

शेवटची ओळ काहींना घरगुती वाटेल, पण खान्देशात गव्हाची परीक्षा खापरावर होते. मांड्यासाठी कणीक हातावर फिरवत कोपरापर्यंत ताणावी लागते. पिठाला तार नसेल तर मांडा खापरावर पडण्याआधीच फाटतो. एका वर्षी माझ्या सर्वांत जास्त उतारा देणाऱ्या ओळीचं पीठ आईनं मळलं, एकदाच हात फिरवला आणि म्हणाली, “हाई पीठ तुटस रे.” ती ओळ मी तिथेच थांबवली. बट्टीला आणि कुरडईला वेगळे गुण लागतात. आपला गहू कशासाठी हवा, ते घरातल्या बायकांना विचारूनच ठरवा.

जनक कोणते घ्यावेत

एक जनक इथल्या मातीत मुरलेला असावा आणि दुसऱ्यात पहिल्याची उणीव भरून काढणारा गुण असावा. उदाहरणार्थ, लोकवन. याचं खरं नाव लोक-१. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो निघाला आणि आपल्याकडे घराघरांत पोचला. दाणा टपोरा, पोळी चांगली, पण तांबेऱ्यापुढे कमजोर. त्याच्या जोडीला निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे वाण घेता येतात: त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, उशिराच्या पेरणीसाठी शिफारस झालेला एनआयएडब्ल्यू ३४, किंवा वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीत चालणारा फुले समाधान. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६२२२ हाही चांगला जनक आहे. बन्सीत करायचं असेल तर निफाडचेच पंचवटी आणि गोदावरी आहेत.

गव्हाच्या चाचण्यांसाठी देशाचे विभाग पाडले आहेत. महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात येतो, तर मध्य प्रदेश आणि गुजरात मध्य विभागात. खान्देश या दोन्हींच्या सीमेवर आहे, त्यामुळे शहाद्या-शिरपूरच्या शेतात मध्य विभागाचे वाण पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले आहेत. जनक निवडताना दोन्हीकडे नजर टाकण्याची सोय आपल्याला आहे, ती वापरावी.

एकाच संकरावर सगळी भिस्त ठेवू नका. भारतातल्या बऱ्याच गव्हांत एका दुकलीचं एक-एक जनुक दडलेलं असतं. ती दोन्ही एकत्र आली की पहिल्या पिढीचं, म्हणजे संकराच्या दाण्यातून उगवलेलं, झाड पानांच्या शेंड्यापासून करपत जातं आणि कधी ओंबी धरण्याआधीच मरतं. हा रोग नसतो, त्यामुळे फवारणीनं काही होत नाही. चार-पाच जोड्या केल्या की एखादी अशी गेली तरी वर्ष फुकट जात नाही.

जनक तीन टप्प्यांत, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं पेरा. दोन वाण एकाच दिवशी निसवतील, म्हणजे ओंबी बाहेर काढतील, याचा भरवसा नसतो. तीन पेरण्या असल्या की कुठल्या तरी दोन जुळतात.

संकराचा आठवडा

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेला गहू आपल्याकडे साधारण जानेवारीच्या मध्यावर निसवतो. तेव्हा घरात लग्न काढू नका. या आठ-दहा दिवसांत रोज सकाळी शेतात असावं लागतं.

सामान थोडं लागतं: घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे असतो तसा टोकदार चिमटा, लहान कात्री, बटर पेपरच्या लांबट पिशव्या, टाचण्या, दोऱ्याची जाड कागदी लेबलं आणि शिसपेन्सिल. पेन नको. माझ्या पहिल्या वर्षीच्या लेबलांवरची शाई दवानं आणि एका अवकाळी सरीनं धुऊन गेली. दाणे हाती आले, पण कोणत्या जोडीचे ते कळेना, म्हणून सगळे कोंबड्यांना घातले.

गव्हाचं प्रत्येक फूल स्वतःच्याच परागानं फळतं. फूल उघडण्याआधीच बहुतेक काम आत उरकलेलं असतं. म्हणून मादी झाडाच्या फुलातले परागकोश पिकण्याआधी काढावे लागतात. ओंबी शेंडेपानाच्या वेष्टणातून पुरती बाहेर पडली आहे, पण एकही परागकोश बाहेर लोंबत नाही, अशी ओंबी धरा. मधलं एक फूल उकलून बघा. आतले परागकोश हिरवट असले तर वेळ बरोबर आहे. पिवळे असतील तर ती ओंबी सोडून द्या, तिथे पराग पिकले आहेत.

आता ओंबीच्या बुडाची दोन-चार अपुरी कणसुली (ओंबीवरचे फुलांचे छोटे झुबके) आणि शेंड्याची काही कणसुली काढून टाका. मध्ये दोन्ही बाजू मिळून दहा-बारा कणसुली राहू द्या. प्रत्येक कणसुल्यात कडेची दोन फुलं ठळक असतात आणि मधली बारीक. मधली चिमट्यानं उपटून काढा. राहिलेल्या फुलांच्या तुसांचा (वरच्या टरफलांचा) वरचा तिसरा भाग कात्रीनं छाटा, म्हणजे आत वाट होते. प्रत्येक फुलात तीनच परागकोश असतात. चिमट्यानं तिन्ही मोजून बाहेर काढा आणि मधल्या पिसासारख्या कुक्षीला धक्का लावू नका. एखादा परागकोश आत फुटला असं वाटलं तर ते फूल अख्खं तोडा आणि चिमटा स्पिरिटनं पुसा. एका ओंबीवर अशी वीस-बावीस फुलं होतात. नवख्याला एका ओंबीला अर्धा तास लागतो. घाई केली की पुढे सगळी पिढी खोटी निघते.

ओंबीवर पिशवी चढवून टाचणी मारा आणि लेबल बांधा. लेबलावर मादीचं नाव आधी, मग फुली, मग नराचं नाव आणि परागकोश काढल्याची तारीख.

दोन ते तीन दिवसांनी पिशवीत डोकावून बघा. कुक्षी पिसाऱ्यासारखी फुललेली दिसली की ती पराग घ्यायला तयार असते. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान नर वाणाची, नुकते एक-दोन परागकोश बाहेर आलेली ओंबी देठासकट कापून आणा. तिच्याही तुसांचे शेंडे छाटा आणि ती मिनिटभर उन्हात धरा. परागकोश डोळ्यांदेखत वर सरकून पिवळे होतात. ते फुटू लागले की मादीच्या पिशवीचं तोंड वरून कापून नराची ओंबी उलटी आत सोडा आणि देठ दोन बोटांत धरून गरगरा फिरवा. गव्हाचा पराग फार तर अर्धा तास जगतो, म्हणून नर-ओंब्यांची जुडी आधी करून ठेवू नका. एकेक आणा, एकेक वापरा. पिशवी पुन्हा बंद करून लेबलावर दुसरी तारीख घाला. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पराग द्या.

एका जोडीला दहा ओंब्या केल्या तर शे-सव्वाशे दाणे सहज मिळतात. तुसं छाटलेली असल्यामुळे ते सुरकुतलेले, बारीक दिसतात. तरी ते उगवतात. त्यांना पाखडून टाकू नका.

पहिली पिढी: खरी की खोटी

संकराचे वीस-तीस दाणे पुढच्या रब्बीत दूर दूर टोकून लावा आणि शेजारी एका बाजूला मादी, दुसऱ्या बाजूला नर यांची ओळ ठेवा. खरा संकर ओळखायला एक खूण आधीच ठरवलेली असावी. तपकिरी ओंबीचा रंग पांढऱ्यावर प्रभावी असतो, केसाळ तूस गुळगुळीत तुसावर प्रभावी असतं. मादी पांढऱ्या ओंबीची आणि नर तपकिरी ओंबीचा घेतला, तर पहिल्या पिढीत पांढरी ओंबी दाखवणारं प्रत्येक झाड आपल्या चिमट्यातून निसटलेलं आहे, असं समजून उपटायचं.

दाण्याच्या रंगावर मात्र इथे भरवसा ठेवू नका. दाण्याचं साल हे आईच्या झाडाचं असतं, त्यामुळे संकरित दाणा दिसायला आईसारखाच दिसतो. लाल आणि पिवळसर दाण्यांची फाटाफूट दिसते ती दुसऱ्या पिढीच्या झाडांची मळणी केल्यावर.

दुसरी पिढी: इथे हात आखडू नका

पहिल्या पिढीच्या खऱ्या झाडांचं बी पेरलं की दुसरी पिढी उभी राहते. जनकांत एका गुणाचा फरक एका जनुकाचा असेल, तर तो गुण पक्का झालेलं, म्हणजे पुढे त्या गुणात न फुटणारं, झाड या पिढीत चारात एक मिळतं. असे तीन गुण एकत्र पक्के हवे असतील तर चौसष्टांत एक. पाच हवे असतील तर १,०२४ झाडांत एक. म्हणून पन्नास झाडं लावून वाण मिळण्याची आशा धरणं व्यर्थ आहे. मी प्रत्येक चांगल्या संकराची दोन हजार झाडं लावतो. ओळींत ३० सेंटिमीटर आणि झाडांत १० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर त्यांना ६० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त जागा लागते. एवढीशी जागा प्रत्येकाकडे असते, पण एकेक दाणा टोकण्याचा कंटाळा करून लोक मूठभर फेकतात, आणि मग कुठलं झाड कुणाचं ते कळत नाही.

ही पिढी ज्या परिस्थितीसाठी वाण हवा आहे त्याच परिस्थितीत पेरा. मला डिसेंबरचा गहू हवा आहे, म्हणून माझी दुसरी पिढी १० डिसेंबरच्या आसपास पडते. १ नोव्हेंबरला सुखात वाढवलेल्या झाडांत उन्हाला टिकणारं कोणतं, ते डोळ्यांना दिसणार कसं? खत आणि पाणी मात्र सगळ्यांना सारखं द्या. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी कुणाचंच चुकवू नका.

निवड तीन फेऱ्यांत करा. पहिली निसवताना: जी झाडं लवकर निसवतात त्यांना रंगीत दोरा बांधा. दुसरी चिकात: उंच, वाकणारी, तांबेरा धरलेली बाद. तिसरी पिकल्यावर: बुडापासून शेंड्यापर्यंत दाणा भरलेली ओंबी, एकसारख्या उंचीचे फुटवे, आणि तळहातावर चोळल्यावर निघणारा भरीव दाणा.

एकट्या झाडाच्या वजनावरून उताऱ्याचा अंदाज बांधू नका. मोठी चूक इथेच होते. शेजारचं झाड मेलं म्हणून मोकळी जागा मिळालेलं झाड भरघोस दिसतं, आणि त्याच्या पोरांत तो भरघोसपणा नसतो. तयार होण्याचे दिवस, उंची, ओंबीची ठेवण, दाण्याचा आकार हे गुण झाडावरून झाडात खात्रीनं उतरतात. या पिढीत त्यांवरच निवड करा आणि उतारा पुढच्या पिढ्यांसाठी ठेवा. दोन हजारांतून मी शंभराच्या आत येतो.

तांबेऱ्याबद्दल थोडं सविस्तर. मैदानी भागातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचा बीजाणू जगत नाही. तो डोंगरी थंड मुलखात टिकून राहतो आणि वाऱ्यानं खाली येतो, हे डॉ. के. सी. मेहता यांच्या कामातून उलगडलं. आपल्याकडे काळा आणि तपकिरी तांबेरा नीलगिरी-पळणीच्या डोंगरांकडून वर सरकतो. म्हणजे एखाद्या वर्षी तो खान्देशात आलाच नाही, तर आपली सगळीच झाडं निरोगी दिसतील, आणि त्यावरून ती तांबेरा-प्रतिबंधक ठरत नाहीत. स्वतःच्या शेतात रोग मुद्दाम सोडू नका, शेजाऱ्याच्या गव्हाला धोका होतो. पक्क्या झालेल्या ओळींचं थोडं बी महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तपासून मिळेल का, हे आपल्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत विचारा.

तिसरीपासून सहावीपर्यंत

निवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून पुढच्या वर्षी त्याची स्वतंत्र ओळ पेरा, दोन-तीन मीटरची. आता ओळ आणि ओळीतलं झाड अशी दुहेरी निवड होते: आधी चांगल्या ओळी ठरवायच्या, मग त्यांतली चांगली झाडं. क्रमांक असा द्या की वंशावळ वाचता यावी. १४-६-३ म्हणजे दुसऱ्या पिढीतलं चौदावं झाड, त्याच्या ओळीतलं सहावं, त्याच्या ओळीतलं तिसरं.

ज्या जनुकात दोन्ही जनक वेगळे आहेत, तिथे दुसऱ्या पिढीत निम्मी झाडं मिश्र, म्हणजे दोघांचंही जनुक बाळगणारी, असतात. तिसरीत हा वाटा पाव होतो, चौथीत साडेबारा टक्के, पाचवीत सव्वासहा, सहावीत तीन टक्क्यांच्या आसपास. गहू स्वपरागी असल्यानं हे आपोआप घडतं. म्हणून चौथ्या पिढीत एखादी ओळ सुंदर पण थोडी सरमिसळ दिसली तर धीर धरा. सहाव्या पिढीतही सरमिसळ दिसत असेल तर ती सोडा.

जानेवारी २०२७मध्ये संकर केला तर सहावी पिढी २०३२-३३च्या रब्बीत येते. संशोधन संस्था उन्हाळी पीक निलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा हिमाचलातल्या लाहौलला घेऊन वर्षाला दोन पिढ्या काढतात. आपल्याला ती सोय नाही. ज्याला इतक्या ओळी सांभाळणं शक्य नाही त्यानं दुसऱ्या ते पाचव्या पिढीपर्यंत सगळं बी एकत्रच डिसेंबरात पेरत जावं, फक्त उंच आणि रोगट झाडं काढावीत आणि सहाव्या पिढीत एकेक ओंबी निवडून ओळी कराव्यात. कष्ट फार कमी होतात आणि उन्हानं चाळण आपोआप होते.

मळणी हातानं. प्रत्येक ओळीच्या ओंब्या कापडी पिशवीत घालून काठीनं बडवा, सुपात पाखडा, लगेच पाकिटात भरा, आणि पाकिटाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे क्रमांक टाका. मी एकदा भाड्याच्या मळणीयंत्रात चाळीस ओळी एकामागून एक घातल्या. यंत्राच्या कोपऱ्यात मागचे दाणे अडकून राहतात, हे मला कळायला पुढचा हंगाम उजाडला.

तुलनेची चाचणी

सहा-आठ ओळी शिल्लक राहिल्या की त्यांची गाठ प्रचलित वाणांशी घालून द्यायची. तुलनेला लोकवन, फुले समाधान आणि एनआयएडब्ल्यू ३४ ठेवा. २० सेंटिमीटर अंतराच्या सहा ओळी, पाच मीटर लांब, असा एक वाफा. प्रत्येक वाणाचे तीन वाफे तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, आणि पट्ट्यातला क्रम चिठ्ठ्या टाकून. आवडती ओळ पाटाच्या कडेला लावण्याचा मोह चिठ्ठीमुळेच टळतो.

कापणी मधल्या चारच ओळींची, दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडून. ते क्षेत्र ३.२ चौरस मीटर होतं. तिथून एक किलो दाणा निघाला तर हेक्टरी ३१.२५ क्विंटल. एकाच वाणाच्या तीन वाफ्यांत आपापसांत तीन क्विंटलचा फरक पडत असेल, तर दोन वाणांतल्या दोन क्विंटलच्या फरकाला अर्थ नाही. तो फरक जमिनीचा आहे. तीन वर्षं आणि निदान तीन ठिकाणी चाचणी करा: तापीकाठची खोल काळी जमीन, साक्रीकडचं हलकं रान, सातपुड्याच्या पायथ्याची जमीन. चोपड्याच्या मित्राकडे पहिला आलेला वाण साक्रीत शेवटचा येऊ शकतो, आणि ते आधी कळलेलं बरं.

दाण्याचं वजन करायला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. न निवडता शंभर दाणे चार वेळा मोजा, चारही वजनं बेरजा, अडीचनं गुणा, हजार दाण्यांचं वजन मिळतं. एक लिटरच्या मापात गहू वरपर्यंत भरून काठानं सपाट केला आणि तो ७८० ग्रॅमच्या पुढे भरला, तर दाणा भरीव आहे.

वर्णन: वाणाचा खरा जन्मदाखला

‘दाणा मोठा, उत्पादन चांगलं’ हे वर्णन नव्हे, ती जाहिरात आहे. वर्णन असं हवं की अनोळखी माणसानं ते हातात घेऊन शेतात यावं आणि शेजारच्या वाफ्यातल्या लोकवनातून आपला गहू वेगळा काढून दाखवावा. कायद्यानं वाणाला तीन कसोट्या लागतात: तो इतरांपासून वेगळा हवा, आपल्यात एकसारखा हवा, आणि पिढी बदलली तरी तसाच राहायला हवा. या तिन्हींचा पुरावा वर्णनातून उभा राहतो, म्हणून ते शेवटी आठवून लिहायचं नसतं. चौथ्या पिढीपासून दर हंगामात त्या त्या अवस्थेला लिहायचं असतं.

फुटवे फुटताना वाढीची ठेवण बघा: उभी, अर्धउभट की पसरट. पानाच्या बुडाशी खोडाला मिठी मारणाऱ्या दोन इवल्या पाळ्या असतात. त्यांवर जांभळी झाक आहे का, केस आहेत का, ते भिंगातून बघा. हा गुण पाण्या-खतानं सहसा बदलत नाही, म्हणून तो फार मोलाचा. पोटरीच्या (ओंबी पानाच्या वेष्टणातच असतानाच्या) आणि निसवण्याच्या वेळी शेंडेपान ताठ आहे की झुकलेलं, त्याच्या वेष्टणावर आणि ओंबीवर मेणासारखी पांढुरकी साय आहे का आणि किती, हे लिहा. ही साय बोटानं पुसून बघा, नंतर उन्हात ती विरते. निम्म्या ओंब्यांचं पहिलं कणसुलं दिसू लागलं की निसवण्याची तारीख धरा.

उंची दुधाळ अवस्थेनंतर मोजा, आणि कुसळं धरून मोजली की सोडून, ते लिहा. हे न लिहिल्यामुळे दोन वर्षांच्या नोंदी जुळत नाहीत. पिकल्यावर ओंबी: आकार निमुळता, समांतर कडांचा, चातीसारखा की गदेसारखा, कणसुली विरळ की दाट, रंग पांढरा की तपकिरी, कुसळं किती लांब, कोणत्या रंगाची, चिकटून की फाकलेली. ओंबीच्या मधल्या भागातलं एक कणसुलं सोडवून खालचं तूस घ्या. त्याचा खांदा उतरता, सरळ की उंचावलेला, आणि वरची चोच आखूड की लांब, सरळ की वाकडी, याला तज्ज्ञ फार महत्त्व देतात. शेवटी दाणा: रंग, आकार, मधली घडी उथळ की खोल, शेंडीचे केस आखूड की लांब. फिनॉलच्या द्रावणात दाण्याला कोणता रंग चढतो, हीही एक प्रमाण कसोटी आहे. फिनॉल विषारी असतं, ती परीक्षा प्रयोगशाळेतच होऊ द्या.

प्रत्येक मोजमाप वीस झाडांवर घ्या आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही लिहा. नमुन्यादाखल माझ्या १४-६-३ची नोंद:

‘वाढ अर्धउभट. पाळ्या रंगहीन, कडांना विरळ केस. शेंडेपान झुकलेलं, वेष्टणावर साय ठळक. १० डिसेंबरच्या पेरणीत निसवण ५७ दिवसांत, पक्वता ९८ दिवसांत. उंची कुसळं सोडून ८४ सेंटिमीटर (८१ ते ८७). ओंबी पांढरी, समांतर कडांची, मध्यम दाट. कुसळं पांढरी, किंचित फाकलेली. खालच्या तुसाचा खांदा सरळ, चोच आखूड. दाणा पिवळसर, लंबगोल, घडी उथळ, शेंडीचे केस आखूड. लोकवनाहून वेगळेपण: पक्वता, शेंडेपानाच्या वेष्टणावरची साय, तुसाचा खांदा.’

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. जवळात जवळचा दिसणारा वाण कोणता आणि त्यापासून नेमका कुठे फरक, हे सांगता आलं नाही तर वाण नवा नाही.

नाव आणि नोंदणी

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो. अर्ज दिल्लीच्या प्राधिकरणाकडे जातो, आणि शेतकऱ्यांच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. नुसत्या आकड्यांचं नाव चालत नाही, नावाबरोबर अक्षरं हवीत. संकरातून काढलेला वाण नवा म्हणून नोंदवायचा असेल, तर अर्जाच्या एक वर्षाहून आधी त्याचं बी देशात विकलेलं नसावं. म्हणून चाचणीला मित्रांना बी देताना ते विकत देऊ नका आणि कुणाला किती दिलं ते वहीत लिहा. गव्हाला संरक्षण एकूण १५ वर्षांपर्यंत मिळतं. नोंदलेला वाण जनक म्हणून वापरायला कायदा आडकाठी करत नाही. मात्र एखाद्याच्या वाणात एकच गुण घालून बाकी जसाच्या तसा ठेवला, तर मूळ पैदासकाराची संमती लागते.

बी शुद्ध ठेवणं

अर्ज गेल्यावरही काम चालूच राहतं. दरवर्षी वाणाच्या नमुनेदार दोनशे ओंब्या निवडा, प्रत्येकीची छोटी ओळ पेरा. जी ओळ वर्णनाशी जुळत नाही ती निसवतानाच अख्खी उपटा. उरलेल्यांचं बी एकत्र करा, तेच मूळ बी. बीजोत्पादनाच्या प्लॉटभोवती दुसऱ्या गव्हापासून निदान तीन मीटर अंतर ठेवा. ओंबीऐवजी काळी पूड दिसली तर ती काणी. तिचा रोग दाण्याच्या आत दडून पुढच्या वर्षी येतो, म्हणून अशी ओंबी हलक्या हातानं पिशवीत घालूनच तोडा आणि जाळा. शंका असेल तर खान्देशचा मे महिना कामी येतो: बी पहाटेपासून चार तास पाण्यात भिजवून भर दुपारच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर पातळ पसरा आणि कडक वाळवा.

अर्जासोबत जे बी दिलं त्याच पोत्यातलं एक किलो बी घरी हवाबंद डब्यात ठेवा. आत वर्णनाची प्रत आणि शिसपेन्सिलनं लिहिलेली तारीख असू द्या. पुढे कधी वाद झाला किंवा आपल्यालाच शंका आली, तर ताजं बी आणि वर्णन जुळवून बघायला हाच डबा उघडायचा असतो.